बंदी दोराला, मोकळीक निसरड्या कड्याला

जूनचा पहिला दणका बसला की सातारा जिल्ह्यात दोन गोष्टी ठरल्यासारख्या होतात. ठोसेघरची घळ गर्जायला लागते आणि पाठोपाठ धबधब्यांवर निर्बंध घालणारा आदेश निघतो. पूर्वी त्यावर कलम १४४ असायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ आले. कलम बदलले, मजकुराचा सूर तोच राहिला. मग वाद पेटतो आणि तोही दरवर्षी त्याच दोन चाकोऱ्यांतून जातो. एक बाजू म्हणते, पोरांना मस्ती आलीय, सगळे बंद करा. दुसरी म्हणते, वडापाव-कणीसवाल्याच्या पोटावर पाय आला, बंदी कसली घालता, उलट रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरायचा खेळ, आणा, झिपलाइन टाका, काचेचा पूल बांधा. दोन्ही बाजूंची चूक मात्र एकच. धबधबा म्हणजे एकच काहीतरी असते आणि तिथला धोकाही एकाच जातीचा असतो, असे दोघांनी गृहीत धरले आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. ठोसेघरचा मुख्य धबधबा किंवा भांबवलीचा वजराई, असे प्रचंड उंचीचे कडे पाहायचे असतात, त्यांवर साहसी खेळ कधीच नकोत. पण वीस-पंचवीस मीटरचे, खालून चालत पोहोचता येणारे लहान धबधबे या डोंगररांगेत कितीतरी आहेत. तिथे दोराचे खेळ असावेत, परवान्याने असावेत, आणि ते चालू-बंद करावेत ते पाण्याच्या उंचीवर, कॅलेंडरच्या पानावर नव्हे. सरसकट बंदीने दोर लावणारा निघून जातो आणि दोर न लावणारा तिथेच राहतो.

आठवून पाहा. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर काही दिवसांतच रायगडच्या कुंभे धबधब्याजवळ व्हिडिओ करताना एक तरुणी दरीत कोसळली. यांतले कोणी हार्नेस, म्हणजे कमरेचा सुरक्षा-पट्टा, घालून दोरावर होते का? कोणी कुणाला पैसे देऊन साहस विकत घेतले होते का? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ठोसेघरच्या वाटेवर, बोरणे घाटात, सेल्फी घेताना एक तरुणी घसरून पडली. त्या दिवसांत जिल्ह्यातली धबधब्याची ठिकाणे आदेशाने बंदच होती. तिला वर काढले ते दोर लावून. बंदीला कोणी जुमानले नाही, आणि जीव वाचला तो ज्या कौशल्यावर बंदी होती त्याच कौशल्याने.

बैलगाडा शर्यतीचा अनुभव आपल्याकडे ताजा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी देईपर्यंत कित्येक वर्षे शर्यतींवर बंदी होती. म्हणून साताऱ्या-सांगलीच्या माळावर बैल पळायचे थांबले होते का? पहाटे, आडरानात, फोनाफोनी करून शर्यती होत. तिथे ना रुग्णवाहिका, ना जनावरांचा डॉक्टर, ना गर्दीला आडवी दोरी. बैलांवरची क्रूरता हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे, तो इथे मिसळत नाही. चोरून झालेल्या खेळाला जबाबदार माणूस सापडत नाही, एवढाच धडा त्यातून घ्यायचा.

आता पाण्याकडे येऊ, कारण या वादात पाण्याबद्दलच सगळ्यात कमी बोलले जाते. एक पिंप डोळ्यांसमोर आणा, दोनशे लिटरचे, म्हणजे दोनशे किलोचे. वीस मीटरच्या धबधब्यावरून सेकंदाला असे एक पिंप ओतले जात असेल तर बघणाऱ्याला तो ‘छोटासा’ धबधबा वाटेल. पण वीस मीटर खाली येईपर्यंत त्या पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास वीस मीटर होतो, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर. ते पाणी पुरते अडवायचे तर सुमारे चारशे किलोंचा दाब सोसावा लागेल. त्याचा दहावा हिस्सा दोरावरच्या माणसाच्या डोक्या-खांद्यावर आला तरी चाळीस किलो झाले, आणि हवेत फुटून वेग निम्मा झाला असे धरले तरी वीस. सिमेंटच्या गोणीचा बऱ्यापैकी भाग मानेवर घेऊन, डोळे मिटलेले, श्वास कोंडलेला, अशा अवस्थेत उतरायचे असते. वर सड्यावर, म्हणजे माथ्याच्या उघड्या कातळ पठारावर, तासभर जोराचा पाऊस झाला की एका पिंपाची तीन पिंपे होतात. धबधबा तोच, उंची तीच, दोर तोच आणि गाइडही तोच. खेळ मात्र दुसराच झालेला असतो.

ही वाढ इतकी झटकन का होते, हे चाळकेवाडीच्या किंवा कासच्या सड्यावर उभे राहिले की कळते. माथ्यावर जांभ्याचे सपाट कवच आणि त्यावर जेमतेम बोटभर माती. पाऊस मुरायला जागाच नाही, तो तसाच ओढ्यात उतरतो. महाबळेश्वरला २०२१ च्या जुलैत एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, पण लोंढा यायला इतका पाऊस लागत नाही. वर सड्यावरच्या पवनचक्क्यांकडे काळे ढग आणि खाली डोहावर ऊन, हे दृश्य इथल्या गुराख्याला नेहमीचे आहे आणि नेमके तेच जीवघेणे आहे. लोंढ्याआधी खुणा दिसतात. स्वच्छ पाणी चहाच्या रंगाचे होते, काटक्या आणि पालापाचोळा यायला लागतो, आवाज जड होतो. या खुणा आणि पाणी यांच्यात वेळ किती, हे ओढ्याच्या लांबीवर ठरते. कधी दहा मिनिटे, कधी दोनसुद्धा नाहीत.

दोराच्या बाबतीत लोकांची समजूत अशी की गडकिल्ल्यांच्या कड्यांवर रॅपलिंग करवणारा ग्रुप धबधब्यावरही ते करवू शकतो. इथेच खरी फसगत आहे. कोरड्या कड्यावर दोराच्या टोकाला गाठ मारतात, दोर संपल्यावर माणूस निसटू नये म्हणून. धबधब्याखाली वाहता डोह असेल तर तीच गाठ आणि तोच जादा दोर पायाला वेढे घालतो आणि माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. म्हणून ओल्या मार्गावर दोर पाण्याला जेमतेम टेकेल इतकाच सोडायचा असतो. कोरड्यावर हात सुटला तर आपोआप आवळणारी जादा गाठ लावतात. धबधब्यात ती आवळली की माणूस धारेखाली लटकून राहतो, आणि भिजल्या, ताणल्या गाठीला सोडवायला त्याला हात मोकळा मिळत नाही. कोरड्यावर खालून दोर ताणून धरणारा साथीदार भरवशाचा असतो, इथे त्याला तुषारांत वरचा माणूस दिसतच नाही. हाकेचा उपयोग नाही, म्हणून शिट्टीच्या खुणा आधी ठरवून, सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घ्याव्या लागतात.

सर्वांत मोठा फरक वरच्या टोकाला आहे. धबधब्यावर दोर अँकरला, म्हणजे खडकातल्या आधाराला, कायमचा जखडून ठेवायचा नसतो. तो अशा रीतीने अडवायचा की वरच्या गाइडला भार असतानाही तो सोडता येईल, आणि वर धबधब्याच्या उंचीइतका दोर शिल्लक असला पाहिजे. टी-शर्टचे टोक किंवा केसांची बट डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरताना दोराचा वेग आवरणाऱ्या साधनात, अडकली, हे सगळ्यात जास्त वेळा घडणारे लफडे. कोरड्या कड्यावर अशा वेळी माणूस वैतागतो, कोणीतरी उतरून सोडवते, वर हशाही होतो. धारेखाली त्याच्याकडे मोजकी मिनिटे असतात. वरून दोर सोडून त्याला थेट खाली घेता आले पाहिजे, आणि ते एका मिनिटाच्या आत. हे ज्या पथकाला करून दाखवता येत नाही, त्याला धबधब्यावर उभे करू नये. परवान्याची परीक्षा लेखी नको, एवढीच घ्या: सत्तर किलोची वाळूची पोती धारेत लटकवा आणि घड्याळ लावा.

अँकरचेही तसेच. एकाच्या भरवशावर दुसरा नाही असे दोन स्वतंत्र अँकर हवेत आणि त्यांच्या पट्ट्यांमधला कोन साठ अंशांच्या आत हवा. साठाला प्रत्येकावर भाराचा जेमतेम अठ्ठावन्न टक्के वाटा येतो, तोच कोन एकशेवीस झाला तर प्रत्येकावर पूर्ण भार. मग दोन अँकर लावून वाटून काय घेतले? बोल्ट काळ्या पाषाणात मारायचा, जांभ्यात नाही. हातोडीने ठोकून बघावे, खणखणीत वाजला तर खडक चांगला, बद्द वाजला तर आत पोकळी आहे. शिवाय पावसाळी ओलीत साधे लोखंड गंजते, स्टेनलेस स्टीलचाच बोल्ट हवा. दहा-साडेदहा मिलिमीटरचा कमी ताणला जाणारा दोर, त्याची वही, कोणत्या दिवशी किती जण उतरले, कुठे घासला, हे सगळे रोजच्या रोज लिहिलेले. आणि लाइफ जॅकेट घातले म्हणून निश्चिंत होऊ नये. धबधब्याच्या पायथ्याचे पांढरे, फेसाळ पाणी निम्मे हवाच असते. हवेवर कोण तरंगतो?

विरोधकांचे म्हणणे इथे अधिकच पटावे, आणि त्यांतले बरेच मला पटतेही. पहिले, निसर्गाचे. ओझर्डे धबधबा कोयना अभयारण्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. तिथे दोर-बोल्ट नकोतच, यात चर्चेला जागा नाही. कासच्या सड्यावर सप्टेंबरात फुले असतात आणि मी सुचवतो तो हंगामही, पावसाळ्याच्या उतरणीचा, साधारण तेव्हाचाच. म्हणून फुलांच्या सड्यावरून वाट नको, जायचे ते खालच्या बाजूने, असलेल्या पायवाटेनेच. एखाद्या धबधब्याच्या माथ्यावर सडा तुडवल्याशिवाय पोहोचताच येत नसेल, तर तो यादीतून वगळावा. दुसरे, बचावाचा बोजा. रात्री पावसात दरीत उतरून मृतदेह वर आणणारी माणसे बहुतेक स्थानिक ट्रेकर आणि गावकरी असतात, पदराला खार लावून जाणारी. परगावच्या माणसाच्या थ्रिलसाठी त्यांनी जीव धोक्यात का घालावा, हा प्रश्न बिनतोड आहे. पण आज ती माणसे जातातच, बिनपगारी आणि मिळेल त्या साधनांनिशी. खेळाच्या तिकिटातून त्यांचे दोर, विमा आणि मानधन निघणार असेल तर त्यांचा बोजा वाढला की उतरला?

तिसरा आक्षेप खरा भारी आहे. आपल्याकडे परवाना म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे खोटा दिलासा. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, जमीन, हवा आणि पाणी असे गट पाडून नोंदणी सांगितली. पण धबधब्यावरचे रॅपलिंग नेमके कुठे बसवायचे? दोर पाहिला तर जमिनीवरचे, मरण पाहिले तर पाण्यातले. नोंदणीचे प्रमाणपत्र तंबूत लॅमिनेट करून टांगले की पर्यटकाला वाटते सरकारने तपासलेय, आणि तपासणारा त्या ओढ्याकडे कधी फिरकलेलाही नसतो. म्हणजे परवानगीने धोका कमी न होता फक्त झाकला जाईल, असे हा आक्षेप म्हणतो. चुकीचे नाही ते.

याला उत्तर स्वित्झर्लंडने फार मोठी किंमत मोजून शोधले. २७ जुलै १९९९ ला इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटन ओढ्यात दरी-उतरणीच्या सहलीवर असलेले १८ पर्यटक आणि ३ गाइड वरच्या वादळी पावसाच्या लोंढ्यात गेले. श्रीमंत देश, सोबत गाइड, साहित्य, सगळे होते. नव्हता तो ‘आज नाही’ म्हणणारा माणूस. २००१ च्या निकालात दोषी ठरले ते कंपनी चालवणारे आणि वरिष्ठ, दोन कनिष्ठ गाइड निर्दोष सुटले. पुढे २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१४ पासून अशा खेळांना परवाना बंधनकारक झाला. लक्षात घ्या, आल्प्सच्या दऱ्या त्यांनी कुलूपबंद केल्या नाहीत. उलट ‘चूक गाइडची’ म्हणून हात झटकायची वाट बंद केली. आपल्याकडे अपघातानंतर पकडला जातो तो दोर धरणारा पोरगा, दिवसाला किती माणसे उतरवायची हे ठरवणारा पुण्या-मुंबईत असतो.

आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरचा व्हिक्टोरिया धबधबा जगभरच्या थ्रिलवेड्यांचे तीर्थच. १९०५ साली बांधलेल्या पुलावरून तिथे १११ मीटरची बंजी उडी मारतात. २०११ च्या अखेरीस एका परदेशी तरुणीचा दोर तुटला, पाय बांधलेले असताना ती नदीत पडली आणि नशिबाने वाचली. आपल्याकडचे झिपलाइन-समर्थक त्या जागेची छायाचित्रे दाखवतात, तिथले वेळापत्रक मात्र दाखवत नाहीत. कड्याच्या काठावरच्या ‘डेव्हिल्स पूल’ नावाच्या प्रसिद्ध डोहात साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतच उतरू देतात, नदी उतरलेली असते तेव्हाच. राफ्टिंगमध्ये पाणी चढले की वरचे रॅपिड, म्हणजे खळाळाचे टप्पे, सोडून खालून सुरुवात होते, आणखी चढले की होड्या पाण्यात जातच नाहीत. तिथे धंदा नदीच्या मर्जीवर चालतो, आणि तो चालतोच.

आपल्या तारखेच्या बंदीची गोम इथे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बंदी असते, ठीक आहे, तेव्हा कोणीच ओढ्यात उतरू नये. पण बंदी उठते तेव्हा परतीचा पाऊस सुरू झालेला असतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी दोनला ढगांचे डोंगर, चारला गडगडाट आणि तासाभरात सगळे आटोपते. झाक्सेटनला जे आले ते याच जातीचे वादळ होते. ज्या दिवशी आदेश म्हणतो ‘खुले’, त्याच दुपारी ओढा सगळ्यात दगाबाज असतो. जूनच्या सुरुवातीला उलट. पाणी कमी, पण आठ महिने सुकलेले शेवाळ पुन्हा ओलावून साबणासारखे झालेले, बुटाचे कुठलेही तळवे टिकत नाहीत. कॅलेंडरला यांतले काय कळते?

म्हणून मोजपट्टी हवी. मार्ग सुरू होतो त्याच्या बरेच वर, ओढ्याच्या शेवटच्या अरुंद जागी, काळ्या खडकावर रंगाने वीत-वीतभर खुणा. एका रेघेखाली पाणी असेल तर खेळ सुरू, रेघेला लागले की नवा माणूस दोरावर नाही, वर गेले की खालचे सगळे डोहाबाहेर काठावर. तिथे वॉकीटॉकी घेऊन एक माणूस, अर्ध्या तासाने नोंद आणि गढूळ पाणी दिसले तर नोंदीची वाट न बघता थेट शिट्टी. दुपारी एकनंतर कोणीही दोरावर नाही, आकाश कितीही निळे असो. रेघ कुठे मारायची हे पहिल्या पावसाळ्यात नुसती मोजणी करून ठरवावे, त्या वर्षी एकही तिकीट न विकता.

मेख पैशात आहे. पाणी चढून खेळ थांबला आणि पैसे परत करायची पाळी आली, तर चालक रेघेकडे कानाडोळा करणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून तिकिटावरच छापावे की खेळ थांबला तर परतावा नाही, पण तीच पावती पुढच्या कोणत्याही दिवशी चालेल. गाइडला माणसामागे पैसे देऊ नयेत, दिवसाची मजुरी द्यावी. तीस उतरले काय आणि तीन उतरले काय, त्याच्या घरी तेवढेच गेले पाहिजेत. पट्टीवरचा माणूस तर चालकाच्या पगारावर नकोच.

मग कुणाच्या? आपल्या जिल्ह्यातच उत्तर आहे. कासच्या फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी लागू झाली, व्यवस्था सांभाळते ती आसपासच्या गावांची समिती, वनखात्याबरोबर. तक्रारी आहेत, शनिवार-रविवारी मर्यादेची कसोटी लागते, गाड्यांच्या रांगा लागतात. तरी पठार बंद करून फुले वाचवा, असे आज कोणी म्हणत नाही. त्याहून जुने आणि दुःखाचे उदाहरण मांढरदेवीचे. २५ जानेवारी २००५ ला तिथल्या चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसे गेली. काळूबाईची यात्रा बंद झाली का? न्यायमूर्ती कोचर आयोग बसला, वाटा, गर्दीची ये-जा, दुकानांची जागा यांचा विचार झाला. श्रद्धेच्या गर्दीला जे लागू, ते मौजेच्या गर्दीला का नाही? मौज हलकी म्हणून? मेलेला माणूस यात्रेत गेला की सहलीत, घरच्यांना सारखेच.

ठोसेघरला वनखात्याने सज्जा बांधला, तिथून मुख्य धबधबा सुरक्षित दिसतो. कठडा ओलांडणारे ओलांडतातच, त्यांच्यासाठी पोलीस हवेत आणि ते पुरेसे नाहीत हेही खरे. पण ज्याला पाण्यात हात घालायचाच आहे, दोरावर लटकायचेच आहे, अशा पंचविशीतल्या पोराला आपण आज दोनच पर्याय देतो. कठड्याआड उभा राहा, नाहीतर कठडा ओलांड. पंधरा किलोमीटरवर एखाद्या ओढ्याकाठी हेल्मेट, हार्नेस आणि शिट्टी घेऊन बसलेला गावचाच गाइड हा तिसरा पर्याय त्याला कोणत्याच आदेशात सापडत नाही. त्या गाइडला आणि वरच्या पट्टीवर छत्री घेऊन बसणाऱ्या माणसाला पावसाळ्याच्या उतरणीतले दोन-अडीच महिने रोजगार हमीइतकी तरी मजुरी कुठल्या खात्यातून द्यायची, त्या हिशेबाचा कागद अजून कुणाच्या टेबलावर आलेला नाही.